ड्रमहेलर, बफेलो जंप की सॅस्कॅटून बेरी? कॅल्गरीहून एका शनिवारची निवड

कॅनडातल्या कॅल्गरीत आमच्याकडे पाहुणे आले की पहिले दोन शनिवार डोंगरातल्या बान्फ आणि लेक लुईसला जातात. तिसऱ्या शुक्रवारी रात्री जेवताना विषय निघतो: उद्या कुठे? पुन्हा पहाटे पाचला उठून पार्किंगसाठी धावायची कोणाचीच तयारी नसते. अशा वेळी गाडी डोंगरांकडे पाठ करून काढावी, हे माझं मत आता पक्कं झालंय. पहिल्यांदा प्रेअरी बघून बाबा म्हणाले होते, "सोलापूरकडे जाताना लागतं तसं माळरान आहे की रे. बाभळीपण नाहीत." जुलैत मात्र कॅनोला फुलतो, मोहरीच्या घरातलंच पीक. क्षितिजापर्यंत पिवळं बघून तेच बाबा खिडकीची काच खाली करायला लावतात. (फोटोसाठी शेतात शिरू नका. पीक कोणाचं तरी आहे.)

आम्ही तीन ठिकाणं आलटून पालटून करतो. प्रत्येक ठिकाण एका दिवसात होतं, पण तिन्ही सगळ्यांसाठी नाहीत.

ड्रमहेलर

साधारण दीड तासाचा रस्ता, 135 किलोमीटरच्या आसपास. गावाच्या अलीकडे हॉर्सशू कॅन्यन लागतो, तिथे थांबायचंच. सपाट शेतांमधून गाडी चाललेली असते, पार्किंगमध्ये उतरून थोडी पावलं टाकली की समोर जमीनच संपते. खाली राखाडी-तपकिरी थर आणि मधूनच कोळशाचा काळा पट्टा. पुढे काय आहे याची रस्त्यावरून जराही कल्पना येत नाही, त्यामुळे पाहुण्यांना आधी काही सांगू नका.

मुलं मात्र येतात ती रॉयल टायरेल म्युझियमसाठी. 1884 मध्ये जोसेफ टायरेल या खोऱ्यात कोळसा शोधत फिरत होते आणि त्यांना अल्बर्टोसॉरस या डायनासोरची कवटी सापडली. म्युझियम 1985 साली उघडलं, नाव त्यांचंच. तिथला काळ्या हाडांचा टी. रेक्स आणि चिलखतासारखी कातडी जशीच्या तशी राहिलेला नोडोसॉर, या दोघांपुढून मुलं हलत नाहीत. तीन तास धरून चाला आणि तिकीट आधीच ऑनलाइन काढा.

आता अडचणी. खोऱ्यात सावली नाही आणि दुपारी ऊन भाजून काढतं, म्हणून हूडूज (म्हणजे डोक्यावर दगडी टोपी असलेले खडकाचे खांब) आणि हॉर्सशू सकाळी उरकून भर दुपारी म्युझियमच्या एसीत शिरायचं. गर्दी असते, पण उष्माघातापेक्षा ती परवडली. दुसरं म्हणजे पाऊस. इथल्या मातीत बेंटोनाइट नावाची चिकणमाती आहे. ओली झाली की साबणासारखी निसरडी होते आणि बुटाला किलोभर चिकटते. एकदा धाकटीला खांद्यावर घेऊन उतरताना मी असा घसरलो की त्या पँटचा रंग अजून गेला नाही. गावातल्या प्रचंड डायनासोरच्या पोटातून 106 पायऱ्या चढून जबड्यात उभं राहता येतं. रांग लांब असेल तर खालून फोटो काढा आणि पुढे चला.

त्याऐवजी ब्लेरिओ फेरीला जा. रेड डीअर नदीवर केबलला बांधलेली छोटी फेरी गाडीसकट पलीकडे सोडते, तेही फुकट. पाच-सात मिनिटांचा खेळ, पण घरी आल्यावर मुलांनी आजीला फोनवर डायनासोरच्या आधी फेरीचं सांगितलं.

हेड-स्मॅश्ड-इन बफेलो जंप

नाव ऐकून लोक दचकतात. फोर्ट मॅक्लाउडच्या वायव्येला 18 किलोमीटरवर, कॅल्गरीहून दक्षिणेला पावणेदोन-दोन तास. इथल्या मूळ रहिवाशांनी जवळपास 6,000 वर्षं या कड्यावरून बायसनचे, म्हणजे इथल्या बफेलोंचे, कळप खाली लोटून शिकार केली. 1981 पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. लांडग्याची किंवा वासराची कातडी पांघरलेली माणसं कळपाला हळूहळू वळवायची, दोन्ही बाजूंना दगडांच्या छोट्या राशींनी आखलेली वाट, आणि अगदी शेवटी आरडाओरडा. कड्याखाली हाडांचे थर दहा मीटरहून जास्त खोल गेलेत. मूळ रहिवाशांपैकी ब्लॅकफूट लोकांमध्ये सांगतात की हे सगळं जवळून बघायला म्हणून एक मुलगा कड्याखाली उभा राहिला आणि त्याचं डोकं चेचलं गेलं, त्यावरून हे नाव पडलं.

इमारत कड्याच्या पोटातच बांधलेली आहे. लिफ्टने थेट वर जायचं, कड्यावरचा नजारा बघायचा आणि मग एकेक मजला बघत खाली उतरायचं. आईच्या गुडघ्यांसाठी याहून सोयीचं म्युझियम मी बघितलेलं नाही. माहिती सांगणारे ब्लॅकफूट लोकच असतात. त्यांच्याशी निवांत बोला, पाटीवर नसलेलं बरंच ऐकायला मिळतं. बाबा तिथे अडीच तास रमले. सात वर्षांच्या धाकटीचं मात्र तासाभरात "चला ना" सुरू झालं. शेवटी बाहेर उन्हात लोळणाऱ्या मार्मटनी (मोठ्या खारीसारखे प्राणी) आम्हाला वाचवलं.

आणि वारा! दक्षिण अल्बर्टातला वारा म्हणजे चेष्टा नाही. कड्याखाली डबे उघडले तर कागदी प्लेटा दशम्यांसकट उडाल्या. गाडीतच बसून खा.

बेरी तोडायचं शेत

हा सगळ्यात स्वस्त आणि आळशी पर्याय. कॅल्गरीच्या आसपास अर्ध्या-एका तासावर स्वतः तोडून वजनावर पैसे द्यायची शेतं आहेत. सॅस्कॅटून बेरी साधारण जुलैत तयार होतात. सॅस्कॅटून शहराचं नाव या फळावरून पडलं आणि फळाचं क्री या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलं. दिसायला ब्लूबेरीसारखी, जीभ जांभळासारखी रंगवते आणि चावताना बियांमधून किंचित बदामाची चव लागते. वाळवलेलं बायसनचं मांस, चरबी आणि अशा बेरी कुटून पेमिकन करायचे, म्हणजे बफेलो जंपच्या गोष्टीचा उरलेला भाग इथे झुडपाला लटकलेला असतो.

सकाळी नऊच्या आत पोचा. डासांचं मलम, टोपी आणि झाकणाचे डबे बरोबर घ्या. निघण्याआधी शेतावर फोन करा. आम्ही एकदा न विचारता गेलो तर आदल्याच दिवशी झुडपं रिकामी झाली होती. दुपारच्या जेवणाला घरी परत येता येतं, हा याचा मोठा गुण. मोठ्या मुलाला मात्र हे "काम" वाटतं.

मग कुठे जायचं?

चार ते दहा वयाची मुलं बरोबर असतील तर ड्रमहेलर, त्यात दुमत नाही. गाडीत आजी-आजोबा आणि एखादा वाचनाची आवड असलेला टीनएजर असेल तर मी बफेलो जंप निवडेन, मुलांनी कितीही नाक मुरडलं तरी. पण बाळ अजून दुपारी झोपत असेल किंवा आदल्या आठवड्यात सगळे दमले असतील तर बेरीचं शेत. पेट्रोलसकट विचार केला तर उरलेल्या दोन्हींच्या निम्माही खर्च येत नाही.

बरेच जण विचारतात, ड्रमहेलरऐवजी ब्रुक्सजवळचं डायनासोर प्रोव्हिन्शिअल पार्क का नको? ते जास्त अस्सल आहे, मान्य. पण एका बाजूचे अडीच तास, रणरणतं ऊन, आणि खरा माल आहे त्या भागात फक्त गाइडबरोबर जाता येतं. तिथे तंबू टाकून एक रात्र राहा.

हवामानाचा अंदाज मात्र शनिवारी सकाळी पुन्हा बघा. जुलैत दुपारनंतर ढग चढतात, आकाश हिरवट काळं दिसायला लागतं आणि गारा पडतात त्या गाडीच्या टपाला पोचे पाडणाऱ्या. वादळाची सूचना असेल तर ड्रमहेलर पुढच्या आठवड्यावर ढकला आणि सकाळीच बेरी तोडून या. यंदा आमचं तसंच झालं. गारा पडत होत्या तेव्हा आई वेलची घालून मुरांबा ढवळत होती आणि बाबा खिडकीत उभे राहून गॅरेजमधल्या गाडीची चौकशी करत होते.