बॉर्डर टेरियर, दोन वर्षांनंतर: कृपया मशिन फिरवू नका

गेल्या मार्चमध्ये मिरीला, आमच्या बॉर्डर टेरियर कुत्रीला, ग्रूमरकडून (कुत्र्यांचे केस नीट करणाऱ्याकडून) घरी आणलं आणि मुलगा दारातच म्हणाला, "बाबा, ही आपली मिरी नाही." काथ्यासारखी खरखरीत, भरड मिरपूड सांडल्यासारखी तिची पाठ गेली होती आणि तिथे सशासारखी मऊ, फिकट लव होती. फोनवर सांगितलं होतं, सोडतानाही सांगितलं होतं: हँड स्ट्रिपिंग करा, म्हणजे मेलेले केस हाताने उपटून काढा, मशिन नको. तरी मशिन फिरवलं, वर पैसे स्ट्रिपिंगचे घेतले. भांडून पंधरा पौंड परत मिळवले. अंगावरचा केसांचा कोट कुठून परत आणणार?

हा दिसण्याचा प्रश्न नाही. ही जात इथलीच, आमच्या न्यूकॅसलच्या उत्तरेला इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या चेविअट डोंगरांतली. दिवसभर घोड्यांमागे धावायचं आणि कोल्हा बिळात शिरला की त्याच्या मागे आत घुसायचं, हे तिचं पूर्वीचं काम. म्हणून पाय लांब, छाती अरुंद, कातडी जाड आणि कोट दुहेरी: वर राठ केस, खाली दाट लोकर. मशिन राठ केस मध्येच कापतं, मेलेलं मूळ तिथेच राहतं आणि मऊ लोकर वर येते. पूर्वी पावसातून आली की दारात एकदा अंग झाडायची आणि कोरडी व्हायची. मशिननंतर अख्खा एप्रिल दोन-दोन टॉवेल लागले, तरी सोफ्याला ओला वास.

पहिल्या सहा महिन्यांत मी मित्रांना सांगत होतो, "हिला काही करावं लागत नाही." ते शब्द मागे घेतो. भुंकण्याबद्दलचंही मत बदललं, ती वाटली होती त्यापेक्षा पुष्कळच शांत आहे. मात्र खणते. मेथीचा वाफा दोनदा गेला. आणि मेंढ्या असतील तिथे पट्टा कधीही सोडत नाही. ससा दिसला की हाक तिच्या कानापर्यंत पोचतच नाही.

सांगलीहून आई पाच महिने राहायला आली होती. पहिला आठवडा ती मिरीपासून पाय वर घेऊन बसायची, दुसऱ्या आठवड्यात तिला पोळीचे तुकडे भरवू लागली. या जातीत अंग आखडून झटक्यासारखं होण्याचा एक आजार आढळतो आणि त्याचा ग्लुटेनशी संबंध आहे. मिरीला तसं कधी झालेलं नाही, पण मी म्हटलं, "आई, गहू नको गं तिला." आईने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून ज्वारीची भाकरी थापायला घेतली आणि वरचा पापुद्रा मिरीसाठी बाजूला ठेवायची.

सप्टेंबरमध्ये मी स्ट्रिपिंग स्वतः शिकलो. जिच्याकडून पिल्लू घेतलं त्या बाईंनी बसवून दाखवलं. (२०२० पासून इंग्लंडमध्ये सहा महिन्यांखालचं पिल्लू दुकानातून विकता येत नाही, थेट पैदास करणाऱ्याकडून किंवा निवारा केंद्रातूनच घ्यावं लागतं. त्याचा हा फायदा, विचारायला माणूस असतं.) एका हाताने कातडी ताणून धरायची, अंगठा आणि तर्जनीत चार-पाचच केस घ्यायचे आणि वाढीच्या दिशेने ओढायचे. केस मेलेला, सुटायला आलेला असेल तर विनासायास हातात येतो, कुत्रं हलतसुद्धा नाही. हिसका द्यावा लागला तर समजायचं, अजून वेळ आहे. बोटं घसरतात म्हणून रबरी टोप्या घातल्या, दोन पौंडांना पाकीट. चार संध्याकाळी लागल्या. तिसऱ्या दिवशी मिरी टेबलावरच झोपली.

वर्षातून दोनदा हे करायचं. दोन वेळचे मिळून शंभरावर पौंड वाचतात, पण आता फुकट करून दिलं तरी मी दुसऱ्याच्या हातात देणार नाही.

दोनेक महिन्यांत मानेपासून नवा राठ केस आला. परवा पावसातून आल्यावर तिने दारात अंग झाडलं. मी पाठीवरून हात फिरवला, तळवा कोरडा. फक्त कमरेजवळ, जिथे मशिन सर्वांत खोल गेलं होतं, तिथे अजून ओल लागते.