गोडाची तलफ: गूळ, शुगर-फ्री गोळी की अर्धा चमचा कमी?

दुपारचे चार वाजले की हात बिस्किटांच्या डब्याकडे जातो. रात्री जेवण उरकलं की "काही गोड आहे का गं घरात?" सुरू होतं. साखर कमी करायचं मनावर घेतलेल्या माणसाला साधारण तीन वाटा दिसतात: साखरेऐवजी गूळ, गोळी, किंवा साखर तीच पण थोडी थोडी कमी. माझं मत तिसरीकडे झुकतं.

आधी चहा मोजा. सपाट चमचा साधारण ५ ग्रॅमचा. कपाला दोन चमचे आणि दिवसाला चार कप, म्हणजे ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा २००० कॅलरींच्या आहाराला ५० ग्रॅमची आहे, आणि जमलं तर २५ ग्रॅमची. त्यात मध, सरबत, बिस्किटं सगळं आलं.

गूळ मला मनापासून आवडतो. गरम भाकरी, तूप आणि गुळाचा खडा याला तोड नाही. पण गूळ म्हणजे आटवलेला उसाचा रस, त्यात बहुतांश साखरच. लोह आणि खनिजं असतात, पण चहात पडतो तेवढ्या गुळातून ती नावापुरतीच मिळतात. "गूळच आहे ना" म्हणून हात सैल सुटतो, ते वेगळंच. मधाचंही तेच. खजूर थोडा बरा, कारण त्यात तंतू असतात आणि तो चावून खावा लागतो. दोन खजूर आणि मूठभर शेंगदाणे घेतले तर चारची वेळ निभावते.

गोळीने साखर वाचते हे खरं. मधुमेह आहे आणि गोड चहा सुटतच नाही, अशांना डॉक्टरांना विचारून तिचा आधार घेता येतो. वजनासाठी मात्र २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच अशा गोडव्यांवर विसंबू नका असं सुचवलं (ही सूचना आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही). माझी अडचण जिभेची आहे. गोळी घेतली तरी जीभ तेवढंच गोड मागत राहते.

कमी करत जाण्याला वेळ लागतो, पण जीभ बदलते. दोनाचा दीड, दीडाचा एक, एकाचा अर्धा. प्रत्येक पायरीला दोन आठवडे. पहिले काही दिवस चहा मिळमिळीत लागेल, तेव्हा आलं किंवा गवती चहा वाढवा. आणि मुख्य म्हणजे साखर पातेल्यात उकळायची सोडा, ज्याच्या त्याच्या कपात घाला. सगळ्या घराचा चहा एकाच आधणात होतो, तिथे एकट्याची साखर कमी होणार कशी?

एकदम बंद करणंही काहींना जमतं, विशेषतः एक लाडू खाल्ला की चार होतात अशांना. बाकीच्यांचा निश्चय सहसा पहिल्या सणाला मोडतो. सणाचं गोड पानात, जेवणासोबत खावं. रिकाम्या पोटी चार वाजता नको.

चारच्या तलफेचं मूळ बऱ्याचदा दुपारच्या ताटात असतं. नुसता भात आणि पातळ वरण लवकर जिरतं. उसळ, दही किंवा अंडं वाढवून आठवडाभर बघा. रात्रीची झोप अपुरी झाली तरी दुसऱ्या दिवशी गोड जास्त खावंसं वाटतं. अशा दिवशी स्वतःवर चिडण्यापेक्षा लवकर झोपा.

इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र घाम, थरथर आणि एकाएकी कडाडून भूक लागली तर तिला तलफ समजून दाबू नये. रक्तातली साखर ७० च्या खाली असेल, किंवा लगेच तपासता येत नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून तिथल्या तिथे प्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. तेव्हा शुगर-फ्री गोळी काहीच कामाची नाही.