आधारावर बसलेला व्हॅनेडिया तपासायचा: रामन, यूव्ही-व्हिज की आयआर?

अल्युमिनावर (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या आधारावर) १० टक्के व्हॅनेडियम पेंटॉक्साइड, म्हणजे व्हॅनेडिया, चढवलंय, पूड भट्टीतून निघालीय, तो थरासारखा पसरलाय की त्याचे स्फटिक झालेत हे बघायचंय आणि एकाच यंत्रावर वेळ मिळणार आहे, तर रामन (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशातून बंधांची कंपनं दाखवणारी पद्धत) घ्या. त्याआधी हिशेब करा. तयार पुडीचं क्षेत्रफळ ग्रॅममागे २०० चौरस मीटर असेल, तर दर चौरस नॅनोमीटरला साधारण ३.३ व्हॅनेडियम अणू येतात. अल्युमिनावर एकथर (पृष्ठभाग झाकणारा एकच थर) ७-८ला भरतो, म्हणजे स्फटिक दिसायला नकोत. दिसलेच, तर व्हॅनेडियमचं द्रावण आधारात सगळीकडे सारखं मुरलेलं नाही. सिलिकावर (सिलिकॉन डायऑक्साइडवर) मात्र २.६च्या पुढे स्फटिक येणारच.

रामनमध्ये स्फटिकाची टोकदार रेघ ९९५ वेव्हनंबरला (दर सेंटिमीटरला इतक्या लहरी) येते, तर पसरलेल्या थराच्या व्हॅनेडियम-ऑक्सिजन दुहेरी बंधाची १०१५ ते १०४०मध्ये. स्फटिकाचा सिग्नल साधारण दहापट जोरकस असतो, त्यामुळे ९९५ उंच दिसली म्हणून निम्मा माल स्फटिक झाला असं धरू नका. स्फटिकाची दुसरी रेघ १४५जवळ येते, पण टायटेनियावर (टायटेनियम डायऑक्साइडवर) त्याच्याच ॲनाटेस या स्फटिकरूपाची १४४ची रेघ तिला झाकून टाकते.

सगळ्यात जास्त फसवतो ओलावा. उघड्यावरच्या पुडीत १०२०ची रेघ खाली सरकून ९४०-१०००च्या रुंद फुगवट्यात मिसळते आणि तो स्फटिकाचा वाटतो. म्हणून यंत्राच्या तापवता येणाऱ्या नमुना-कोठीतच (सेल) कोरड्या ऑक्सिजनच्या प्रवाहात ४५० अंशांना तासभर ठेवा, त्याच प्रवाहात १०० अंशांपर्यंत उतरवा आणि मग मोजा. लेझर काही मिलीवॉटच ठेवा. निम्म्या पॉवरला पुन्हा मोजल्यावर रेघांचा आकार बदलला, तर आधी नमुना तापत होता. फ्लुरोसन्सने (नमुन्याच्या स्वतःच्या चमकेने) सगळं बुडालं, तर द्रावणातल्या ऑक्झलेटचा कार्बन उरलाय; ५०० अंशांना हवेत पुन्हा भाजा.

यूव्ही-व्हिज (अतिनील आणि दृश्य प्रकाशाचं शोषण मोजणारी पद्धत) स्वस्त, झटपट, आणि सगळ्या नमुन्याची सरासरी देतं. शोषणाची कड (जिथून शोषण सुरू होतं ती ऊर्जा) सुट्या व्हॅनेडियासाठी ३.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टजवळ, स्फटिकासाठी २.३ला. एकमेकांना जोडलेल्या व्हॅनेडियाच्या मधल्या साखळ्या आणि बारीक स्फटिक यांत मात्र ते गोंधळतं. टायटेनिया स्वतःच ३.२पासून शोषतो, तिथे उपयोग नाही. पूड गडद असेल तर कड खोटी येते. बेरियम सल्फेट मिसळून पातळ करा. कोरा अल्युमिना मिसळू नका, वाळवताना स्फटिक त्यावर पसरू लागतात.

आयआरमध्ये (अवरक्त किरणांच्या शोषणात) अल्युमिना १०००च्या खालचं आणि सिलिका १३००च्या खालचं गिळून टाकतात. व्हॅनेडियम-ऑक्सिजन बंधाचा ओव्हरटोन (साधारण दुप्पट वेव्हनंबरची फिकट रेघ) २०४०जवळ कसाबसा मिळतो. पण सिलिकाच्या पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल (OH) गटांची ३७४५ची रेघ किती खचली, हे आयआरच नीट दाखवतं. प्रश्न आम्लतेचा असेल, तर रामन सोडून इथेच या. पिरिडिन (आम्लकेंद्रांना चिकटणारा अल्कधर्मी रेणू) शोषवा: १४५०ला ल्युइस (इलेक्ट्रॉन घेणारी), १५४०ला ब्रॉन्स्टेड (प्रोटॉन देणारी) आम्लकेंद्रं.