गिरगावात चार सिटिंग, आईचं पोर्ट्रेट

आईचं पोर्ट्रेट करून घेतलं त्याला आता दहा महिने झाले. लगेच लिहिलं नाही कारण मुंबईच्या पावसात ऑइल पेंटिंगचं काय होतं ते बघितल्याशिवाय कोणाला सांगायचं नव्हतं. आता पाऊस निघून गेला, चित्र भिंतीवर छान आहे, म्हणून लिहिते.

चित्रकार मूळचा गिरगावचा, चाळीत वाढलेला, जे. जे. ला शिकलेला, आणि गेली २२ वर्षं लंडनला. पोर्ट्रेट हेच काम. दर डिसेंबरला चार-पाच आठवडे येतो, स्वतःच्या आईच्या जुन्या घरात उतरतो आणि तिथेच पुढच्या खोलीत सिटिंग घेतो. जाहिरात करत नाही, नाव कुठे टाकू नका म्हणतो, म्हणून टाकत नाही, हवं असेल त्यांनी मला मेसेज करा.

मी आधी त्याला आईचे सहा-सात फोटो पाठवले होते. मला वाटलं फोटोवरून करेल, आईला जिने चढायला नकोत. सरळ नाही म्हणाला. फोटोवरून करून देणारे खूप आहेत ताई, तुम्ही त्यांच्याकडे जा, मला काकू समोर बसलेल्या हव्यात. तेव्हा थोडा रागच आला होता मला. आता वाटतं त्याने ऐकलं नाही ते किती बरं झालं.

डिसेंबरच का, तर लंडनला तेव्हा दुपारी चारच्या आसपास अंधार पडतो, खिडकीच्या उजेडात काम करणाऱ्याला दिवसच पुरत नाही. आणि गिरगावच्या त्या खोलीची खिडकी उत्तरेला आहे, तिथून थेट ऊन आत येत नाही त्यामुळे चेहऱ्यावरची सावली तासन्‌तास हलत नाही. मे मध्यापासून जुलैअखेरपर्यंत हीच खिडकी उपयोगाची नाही म्हणे, कारण तेव्हा मुंबईत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडूनच असतो. मी जन्मभर मुंबईत राहिले, हे मला माहीतच नव्हतं.

चार सिटिंग, प्रत्येकी अडीच तास, मध्ये चहा. पहिल्या दिवशी फक्त कोळशाने रेखाटन. आई ताठ बसली होती, शाळेच्या ग्रुप फोटोत बसायची तशी (म्युनिसिपालिटीच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं तिने). तो म्हणाला काकू तुम्ही बोलत राहा, मग आई जी सुरू झाली ती चौथ्या दिवसापर्यंत. त्यालाही विचारत होती, अरे तू तिकडे जेवतोस काय, एकटाच असतोस का, पहिल्यापासून चित्रंच काढतोस का. आणि तो हात न थांबवता सांगत होता.

तिकडे गेल्यावर पहिली तीन वर्षं फ्रेमच्या दुकानात काम केलं. शुक्रवारी नॅशनल गॅलरी रात्री नऊपर्यंत उघडी असते आणि तिकीट नाही, म्हणून दर शुक्रवारी कामावरून सुटला की तिथे. रेम्ब्रांने ६३ व्या वर्षी, म्हणजे १६६९ मध्ये, तो गेला त्याच वर्षी स्वतःचं चित्र केलंय, त्याच्यासमोर बसून राहायचा. म्हातारी कातडी कशी रंगवायची ते तिथे शिकलो म्हणाला. सार्जंट या चित्रकाराबद्दलही सांगत होता, आईबाप अमेरिकन, जन्म फ्लॉरेन्सचा, उमेदवारी पॅरिसला, नाव झालं लंडनला, आणि १९०७ च्या सुमाराला पोर्ट्रेटच्या ऑर्डरी घेणंच बंद केलं, त्यानंतर जास्त करून दोन-तीन तासांत होणारी कोळशाने काढलेले चेहरे. पण सगळ्यात पहिलं वेड कसलं तर चित्रकार हळदणकरांचं. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं ते निरांजन घेतलेल्या बाईचं चित्र, बोटांतून उजेड झिरपतो ते, बघायला कॉलेजात असताना जनरल डब्यातून गेला होता. जलरंग आहे ते, जलरंगात चुकलं तर पुसता येत नाही, आणि समोर उभी होती ती त्यांचीच मुलगी. घरचं माणूस काढणं सगळ्यात अवघड, असं म्हणाला आणि पुढे बराच वेळ गप्पच होता. त्याची आई गेली त्याला चार वर्षं झाली, तिचं पोर्ट्रेट राहूनच गेलं, हे आम्हाला नंतर कळलं.

आता रंगाचं. आई सावळी आहे. तिचा लग्नातला फोटो स्टुडिओवाल्याने इतका गोरा करून दिलाय की लहानपणी मला ती दुसरीच कोणीतरी वाटायची. तिसऱ्या दिवशी आईने हळूच विचारलं, फार काळी नाही ना रे दिसत मी. तो उठला, खिडकीत आरसा धरला आणि तिला तिच्याच गालातला निळा दाखवला, हनुवटीखालचा हिरवट दाखवला, कपाळावरचा तांबूस. इटलीतले जुने चित्रकार चेहऱ्याखाली हिरव्या मातीचा थर द्यायचे ते सांगितलं. काकू, गोऱ्या रंगात मला इतकं सापडत नाही. ७८ वर्षांत माझ्या आईला तिच्या रंगाबद्दल असं कोणी बोललं नव्हतं. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले.

चित्र हुबेहूब आहे का? नाक किंचित रुंद वाटतं, भाऊ अजून म्हणतो. पण डोळे अगदी तिचे, कोणाचं तरी उत्तर ऐकत असल्यासारखे. माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

पैसे ४५ हजार घेतले, अर्धे आधी. स्वस्त नाही, पण दहा तास माणूस तुमच्या आईकडे नीट बघत बसतो त्याचे आहेत. फ्रेम मात्र त्यात नाही, ती आपण करायची आणि तिथे मी फसले. आमच्या जवळच्या फ्रेमवाल्याने न विचारता चित्राला चिकटून काच लावली, रंग वरून कोरडा आणि आतून ओला, दोन आठवड्यांत काचेला पदराचा रंग लागला. काच लगेच काढली, लंडनहून व्हिडिओ कॉलवर त्याने सगळं बघितलं, आता डिसेंबरला आला की तेवढा भाग दुरुस्त करून वर वॉर्निश देणार आहे, त्याचे वेगळे पैसे नाहीत. वॉर्निश तसंही सहा महिने ते वर्षाने द्यायचं असतं. तुम्ही काच लावूच नका, बाहेरच्या ओल्या भिंतीवर टांगू नका, आणि फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा म्हणजे हवा खेळती राहते, बुरशी धरत नाही. आमच्याकडे पूर्ण पावसाळा काही झालं नाही.

लिफ्ट नाही, तीन मजले आहेत, पायऱ्या लाकडी आणि उंच. आईला प्रत्येक मजल्यावर बसवत नेलं, शेजारच्या बायका खुर्ची काढून देतात. तारखा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात देतो, सकाळची वेळ मागून घ्या, आणि वयस्कर माणूस असेल तर सलग दिवस घेऊ नका, मध्ये एक दिवस सोडा.