आडतीच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर: एका हंगामाचा अनुभव

परभणीच्या मोंढ्यातील (धान्यबाजारातील) आमच्या आडत दुकानासाठी, म्हणजे शेतकऱ्यांचा माल दलालीवर विकून देणाऱ्या दुकानासाठी, गेल्या सप्टेंबरात आम्ही पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशेब), उचल (आगाऊ दिलेली रक्कम) आणि खतावणी (खात्यांची वही) सांभाळणारे एक सॉफ्टवेअर वार्षिक १४,००० रुपये भरून घेतले. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण शेजारच्या दोन दुकानांत दुसऱ्याच कंपन्यांच्या सॉफ्टवेअरबद्दल अशाच तक्रारी ऐकल्या आहेत. सोयाबीनचा हंगाम त्यावर काढल्यानंतर मी पाचपैकी दोन तारे देत आहे आणि त्यांतला एक केवळ पट्टी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्याच्या सोयीचा आहे. ती सोय खरोखर उत्तम चालते.

आवक सुरू झाली आणि पहिला दोष दिसला. एका नोंदीसाठी सात चौकटी भराव्या लागतात आणि एंटर दाबून पुढच्या चौकटीत जाता येत नाही, दर वेळी माउसला हात घालावा लागतो. ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की काट्यावर घासाघीस होणारच. पण तेवढ्यात पाच मिनिटे कळफलकाला हात लागला नाही तर सॉफ्टवेअर आपोआप बंद होते आणि अर्धवट भरलेली नोंद पुसली जाते.

याहून गंभीर घोळ तारखांचा आहे. १ नोव्हेंबरपासून आम्ही काट्याची यादी एक्सेलमधून थेट आत घेऊ लागलो. सॉफ्टवेअर अमेरिकी पद्धतीने आधी महिना आणि मग दिवस वाचते, त्यामुळे ६/११ ही तारीख त्याच्या लेखी ११ जून ठरली आणि ज्या दिवसांत आमच्याकडे पेरणीसाठी आभाळाकडे डोळे लागलेले असतात, त्या दिवशी ३८ कट्टे सोयाबीन विकल्याची नोंद झाली. तेरावा महिना नसल्यामुळे १३ तारखेपासून पुढच्या तारखा मात्र बिनबोभाट बरोबर उतरल्या, म्हणून आम्हाला संशयही आला नाही. पहिल्या बारा दिवसांतल्या पट्ट्या वेगवेगळ्या महिन्यांच्या ११ तारखेवर विखुरल्या होत्या; दिवस आणि महिना एकच असलेली ११ नोव्हेंबर तेवढी वाचली. हे उघडकीस आले ते एका खरेदीदाराचे येणे जुळेना तेव्हा. कंपनीला फोन केला, तर ‘सर, संगणक एकदा बंद करून चालू करा’ एवढेच उत्तर मिळाले.

नावांच्या बाबतीत तर चूक डोळ्यांना दिसतही नाही. कुऱ्हाडे आडनावाच्या एका शेतकऱ्याची १५,००० रुपयांची उचल मुनीमजींनी दुकानातल्या संगणकावर नोंदवली होती आणि मालाची नोंद माझ्या मुलाने मोबाइलवरून केली. युनिकोडमध्ये हा अर्धा ‘ऱ’ दोन प्रकारे लिहिता येतो: एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरले जाते, तर दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलंत देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घातले जाते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. सॉफ्टवेअरला मात्र ती दोन माणसे वाटली आणि त्याने दोन खाती उघडली. पट्टी निघाली तेव्हा उचल वजाच झाली नव्हती. मुनीमजींना ती तोंडपाठ होती म्हणून पैसे देण्याआधी लक्षात आले. नाहीतर पुढे ते मागताना आमचीच पंचाईत झाली असती. मराठी चालते असे जाहिरातीत छापणाऱ्यांनी गोऱ्हे, कऱ्हाळे, कुऱ्हाडे अशी चार आडनावे तरी दोन्ही प्रकारे शोधून पाहायला हवी होती.

सुट्या पैशांची पूर्ण रुपयांत जुळणी नीट होते आणि छपाई स्वच्छ येते, हेही नोंदवतो.

नूतनीकरण येत्या सप्टेंबरात आहे आणि ते करायचे नाही असे आमचे ठरले आहे. पण सगळी खाती एक्सेलमध्ये मागितली, तर हे सॉफ्टवेअर फक्त पीडीएफ देते आणि तीही एका वेळी एकाच खात्याची. त्यामुळे दुपारी मोंढा शांत झाला की मुनीमजी एकेक खाते पडद्यावर उघडून लाल वहीत उतरवतात. आतापर्यंत १४० झाली आहेत, अजून ३०० च्या वर शिल्लक आहेत.