मेकॅनिकल व्हॉल्व्ह की टिश्यू व्हॉल्व्ह?

हृदयाचा खराब झालेला व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, बदलायचं ऑपरेशन ठरलं की पुढचा प्रश्न येतो, नवा व्हॉल्व्ह कोणता? तरुणांना आणि वयस्करांना उत्तर बहुधा तयारच मिळतं, अडचण मधल्यांची. एओर्टिक व्हॉल्व्हसाठी (हृदयातून महाधमनीत रक्त सोडणारी झडप) अमेरिकी मार्गदर्शक सूचनांचा कल पन्नाशीच्या आत मेकॅनिकलकडे आणि 65 च्या पुढे टिश्यूकडे आहे. मधल्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. मी त्या मधल्यांतलाच.

मेकॅनिकलची बाजू भक्कम आहे. पायरोलिटिक कार्बनच्या दोन पाकळ्या सहसा आपल्या आयुष्याला पुरून उरतात. तो आत मोडेल ही भीती अगदीच हवेतली नाही. ब्यॉर्क-शायली या जुन्या मेकॅनिकल व्हॉल्व्हच्या एका मॉडेलचा आधारदांडा तुटून माणसं दगावली होती आणि 1986 मध्ये ते बाजारातून काढून घ्यावं लागलं. पण त्याची रचना वेगळी, एकाच चकतीची होती. आजच्या दोन पाकळ्यांच्या व्हॉल्व्हबाबत त्या कारणाने झोप उडवून घेण्यात अर्थ नाही.

टिश्यू व्हॉल्व्ह गाईच्या हृदयावरणातून किंवा डुकराच्या झडपेपासून तयार होतो. 'प्राण्याचं आहे, शरीर स्वीकारेल का?' हे घरचे हमखास विचारतात. ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाची प्रक्रिया झालेली असते, त्यामुळे किडनी बदलल्यावर घ्यावी लागतात तशी औषधं इथे लागत नाहीत. खरी भीती दुसरीच आहे. त्यावर कॅल्शियम साचतं आणि साधारण 10 ते 15 वर्षांत तो थकतो. वय जितकं कमी तितका लवकर. म्हणजे दुसऱ्या ऑपरेशनची टांगती तलवार.

जंतुसंसर्गाचा धोका दोन्हीकडे आहे, दात काढण्याआधी अँटिबायोटिकही दोन्हीकडे. एमआरआयचं सहसा अडत नाही, फक्त व्हॉल्व्हचं कार्ड जवळ ठेवायचं.

माझं गाडं अडलं ते गोळीवर. मेकॅनिकलसोबत वॉरफॅरिन, म्हणजे रक्तात गुठळी होऊ न देणारी गोळी, जन्माची, आणि हे प्रकरण मला नवं नव्हतं. पूर्वी पायात गुठळी झाली तेव्हा काही महिने घेतलं होतं. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा, 2 ते 3 मध्ये ठेवायचा, एवढंच वाचायला सोपं. पालेभाजी बंद नसते, पण एक आठवडा भरपूर आणि दुसऱ्या आठवड्यात अजिबात नाही, असं चालत नाही. घसा धरला म्हणून अँटिबायोटिक घेतलं तर आकडा थेट चारच्या वर. टेबलाचा कोपरा लागला की मांडीवर जांभळा डाग, ब्रश करताना बेसिनमध्ये लाल. डोकेदुखीची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय नाही. आणि सारखी ती सुई! वॉरफॅरिनऐवजी त्याच कामाच्या नव्या गोळ्यांवर भागेल का, असंही विचारून पाहिलं. त्यांतल्या डॅबिगॅट्रानची मेकॅनिकल व्हॉल्व्हवरची चाचणी मध्येच थांबवावी लागली होती. गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही.

सगळ्यांना हा जाच वाटतोच असं नाही, हेही मान्य. माझ्या एका मित्राने मेकॅनिकल बसवलाय. आयएनआर तो घरच्या यंत्रावर बघतो आणि डोस डॉक्टरांना फोन करून ठरवतो. रात्री शांत झालं की त्याच्या छातीतली टिकटिक शेजारी झोपलेल्या बायकोला ऐकू येते. तो म्हणतो, "चालू आहे हे कळतं तरी!" शिस्तीच्या माणसाला हा मार्ग खुशाल झेपेल. पुढे मूल हवं असलेल्या स्त्रीचं गणित मात्र वेगळं. वॉरफॅरिन गर्भाला घातक ठरू शकतं, हे आधीच बोलून घ्यावं.

मी टिश्यू घेतला. सध्या अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी, वर्षातून एकदा इको (हृदयाची सोनोग्राफी), बाकी व्हॉल्व्हची आठवणही होत नाही. तो थकेल तेव्हा कदाचित मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून जुन्याच्या आत नवा बसवता येईल. 2002 मध्ये फ्रान्सच्या अ‍ॅलें क्रिबिए यांनी पहिल्यांदा वापरलेलं तंत्र तिथवर पोचलंय. पण त्यासाठी पहिला व्हॉल्व्ह पुरेसा मोठा लागतो. तेव्हा टिश्यूकडे कल असेल तर सर्जनना आधीच विचारा: माझ्यात कोणत्या मापाचा बसेल, आणि उद्या त्यात दुसरा मावेल का? उत्तर 'अवघड आहे' असं आलं, तर मेकॅनिकलचा पुन्हा विचार करायला हरकत नाही.