पिसा २०२२ चा रिपोर्ट: रँकिंग सोडा, आतलं वाचा

ओईसीडीवाले (बहुतेक श्रीमंत देशांची संघटना) ८१ देश-प्रदेशांतल्या १५ वर्षांच्या पोरांची परीक्षा घेतात ना, पिसा, तिचा २०२२ चा रिपोर्ट. ऑनलाइन फुकट आहे. पेपरात फक्त सिंगापूर पहिला (गणितात ५७५) एवढंच येतं आणि लोक तेवढ्यावरच वाद घालत बसतात, पण खरा माल गरीब-श्रीमंत पोरांमधल्या फरकाच्या चॅप्टरमध्ये आहे.

ओईसीडी देशांत सगळ्यात वरच्या पाव हिश्श्यातल्या घरांची पोरं आणि सगळ्यात खालच्या पाव हिश्श्यातली, यांच्यात गणितात सरासरी ९३ गुणांचा फरक, आणि हेच लोक ढोबळमानाने २० गुण म्हणजे एका वर्षाचं शिक्षण धरतात, म्हणजे एकाच वयाची पोरं आणि मध्ये साडेचार वर्षांहून जास्त अंतर! पण सगळीकडे सारखं नाही. हाँगकाँग, जपान, कॅनडा इथे मार्कही चांगले आणि घरच्या परिस्थितीचा फटकाही कमी. गरिबाचं पोर मागेच राहणार म्हणणाऱ्यांनी हा भाग वाचाच.

पोरांकडून भरून घेतलेला फॉर्म तर मला रिपोर्टपेक्षा जास्त आवडला. आईवडील किती शिकलेत, काम काय करतात, स्वतःची खोली आहे का, घरात पुस्तकं किती, आणि पुस्तकं कोण मोजत बसणार म्हणून टीप दिलीय की एक मीटर फळीवर साधारण ४० बसतात. यावेळी हेही विचारलं होतं की पैसे नाहीत म्हणून गेल्या महिन्याभरात किती वेळा उपाशी राहिलास. ओईसीडी म्हणजे तसे खाऊनपिऊन सुखी देश, तिथल्या जवळपास ८ टक्के पोरांनी आठवड्यातून एकदा तरी असं झालं म्हणून सांगितलंय. चरकलोच.

जुने प्रश्नही बघा. पिझ्झावाला भारीय: ३० सेंटीमीटरचा ३० झेडला, ४० चा ४० झेडला, जाडी सारखीच, कुठला परवडेल? (मोठा, क्षेत्रफळ काढून बघा.) झेड हे चलन मुद्दाम बनवलेलं, कुठल्याच देशाचं नको म्हणून. पिझ्झा मात्र तसाच ठेवला, भाकरी घातली असती तरी गणित तेच होतं की.

एक स्टार कापतोय तो शाळेबाहेरच्या पोरांसाठी, कारण परीक्षा फक्त शाळेत असलेल्यांचीच होते. २०१२ मध्ये व्हिएतनामने गणितात ५११ काढले, अमेरिकेचे ४८१, केवढा गाजावाजा झाला, पण तेव्हा तिथली १५ वर्षांची जेमतेम ५६ टक्के पोरंच या हिशोबात होती. बाकीची धरली असती तर आकडा काय आला असता देव जाणे.

महाराष्ट्राचं काही शोधत असाल तर मिळणार नाही. २००९ च्या फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल बसले, तळाला गेले, मग प्रश्न आपल्या मुलांच्या संदर्भातले नाहीत म्हणत आपण बाहेर. पिझ्झा बघता थोडं पटतं, पण वजाबाकी तर आपल्याकडेही तीच ना!

५ पैकी ४. अख्खा पीडीएफ उघडू नका, दमाल, आधी एखाद्या देशाची छोटी नोट वाचा.